थोडं वाढवून लिही

माझा स्वभाव कुणाचा हेवा करण्यातला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून काही लोकांचा गैरसमज होण्याची शक्यता आहे. आमच्या शेजारच्या गोकुळरावांचा तो झालेलाच आहे. मागच्या वर्षी मार्च ते जून मला जे काही होत होतं, त्याला मी ‘वैचारिक अस्वस्थता’ म्हणत होतो. माझी बायको योगिता त्याला ‘पोटात दुखतंय’ म्हणायची. मराठीचा शिक्षक मी आहे, ती नाही, एवढंच मी यावर म्हणेन.

जव्हारच्या हायस्कुलात मी सत्तावीस वर्षं मराठी शिकवतो आहे. या काळात शाळेत जयंत्या झाल्या, पुण्यतिथ्या झाल्या, स्नेहसंमेलनं झाली, एकाच शौचालयाचं उद्घाटन दोनदा झालं, आणि प्रत्येक वेळी माझ्या वाट्याला आभारप्रदर्शन आलं. ज्याने कधी आभार मानलेले नाहीत त्याला यातलं दुःख कळायचं नाही. आभार मानणारा उभा राहतो तेव्हा पाहुणे घड्याळ बघत असतात, पोरं पळालेली असतात आणि मागे सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झालेली असते. माझी उत्तमोत्तम वाक्यं लोकांनी चपला शोधताना ऐकलेली आहेत. आयुष्यात एकदा तरी, लोक बसलेले असताना, आपण पंधरा मिनिटं बोलावं, एवढीच माझी इच्छा होती.

मागच्या मार्चमध्ये नाशिकहून मंजुषा मॅडम आल्या. ‘लख्खप्रभा’ नावाचा भांडी घासायचा द्रव आणि ‘ओजस’ नावाची शक्तिवर्धक पावडर विकणारी त्यांची कंपनी. माल दुकानात मिळत नाही, माणसानेच माणसाला विकायचा. आणखी माणसं जोडायची, त्यांनी आणखी जोडायची. मॅडम म्हणाल्या, जो पुरेसे पॉइंट जमवून ‘सिल्व्हर’ पदाला पोचेल त्याला परदेश सहल, चारचाकीसाठी मदत, आणि जूनच्या मेळाव्यात व्यासपीठावर पंधरा मिनिटं मार्गदर्शनाची संधी. बाकीच्यांनी सहल आणि चारचाकी ऐकली. मी पंधरा मिनिटं ऐकली आणि फॉर्म मागितला.

शिक्षकाला असले उद्योग करता येत नाहीत, म्हणून फॉर्म योगिताच्या नावाने भरला.

“म्हणजे नाव माझं आणि तोंड तुमचं,” ती सही करताना म्हणाली.

या व्यवसायात प्रत्येकाला दोन पाय असतात. चालण्याचे नव्हेत. आपल्याखाली एक माणूस डावीकडे जोडायचा, एक उजवीकडे, त्यांना म्हणायचं डावा पाय आणि उजवा पाय. त्यांनी विकलं की त्याचे पॉइंट आपल्यालाही मिळतात. उजव्या पायाला मी माझ्या मेहुण्याला, तुषारला बसवलं. त्याने कल्याणला एक बाटली मागवली आणि तेव्हापासून माझा फोन उचललेला नाही. डावा पाय रिकामाच होता.

“सर, रकाना मोकळा ठेवू नका,” गोकुळराव म्हणाले. ते निवृत्त तलाठी. जगातल्या प्रत्येक गोष्टीकडे ते अर्ज म्हणूनच बघतात. “रकाना मोकळा राहिला की फाईल अडकली म्हणून समजा. कुणाचंही नाव टाका. नंतरचं नंतर.”

म्हणून मी भागीचं नाव टाकलं. या एका वाक्यात माझं पुढचं सगळं वाटोळं आहे.

भागी भोये जामसरची. आमच्याच शाळेत खिचडी शिजवते. पंधरा वर्षांपूर्वी ती आठवीत माझ्या वर्गात होती आणि तिचा एक निबंध मला अजून पाठ आहे. विषय, ‘आमची गाय’. तिने लिहिलं होतं: ‘आमची गाय काळी आहे. ती आता दूध देत नाही. तरी आम्ही तिला ठेवली आहे.’ संपला निबंध. पानभर अपेक्षित असताना तीन ओळी! मी दहापैकी दोन गुण दिले आणि खाली लाल शाईने लिहिलं, ‘थोडं वाढवून लिही.’ ते तिने कधीच मनावर घेतलं नाही.

तिचा फॉर्म भरायला आम्ही सायबर कॅफेत गेलो. तिच्या मोबाइलवर ओटीपी यायचा होता, पण तो मोबाइल जामसरला तिच्या भावाकडे, आणि जामसरला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर. भाऊ टाकीवर चढून ओटीपी वाचायचा, मग फोन करून आम्हाला सांगायचा, तोवर त्या ओटीपीची मुदत संपायची. पाच वेळा भाऊ चढला. सहाव्या वेळी जमलं, तर पुढे रकाना आला: ‘आपले स्वप्न.’

“तुझं स्वप्न काय, भागी?” मी विचारलं.

“टोप,” ती म्हणाली. “घरात एकच हाय. भात शिजला की डाळीला थांबाय लागतंय.”

कॅफेवाल्याने माउस फिरवला. “टोप येत नाही यात. परदेश सहल, बंगला नायतर चारचाकी. चारचाकी टाकतो.”

अशा रीतीने चारचाकीचं स्वप्न उराशी बाळगून भागी माझा डावा पाय झाली. मी तिला एक बाटली दिली आणि म्हणालो, “तुला काही करायचं नाही. नुसती ठेव.”

ती नुसती ठेवेल तर ना.

इकडे मी तयारीला लागलो होतो. ‘लख्खप्रभा’ची जी माहितीपत्रिका कंपनीने दिली होती ती मला अगदीच रुक्ष वाटली. तिच्यात मी स्वच्छतेचा प्राचीन इतिहास घातला, अग्नी आणि भस्माचं नातं घातलं, मग ‘सूक्ष्मकणाधिष्ठित फेनतंत्र’ समजावलं आणि शेवट गृहिणीच्या त्यागाने केला. एकूण चौदा पानं. पहिला प्रयोग समोरच्या पुष्पावहिनींवर केला. पंचवीस मिनिटं त्या हातातलं लाटणं खाली न ठेवता ऐकत उभ्या होत्या. शेवटी म्हणाल्या, “काय छान बोलता हो तुम्ही! आमच्या ह्यांना एवढं बोलता आलं असतं तर!”

मी दोन दिवस खुशीत होतो. तिसऱ्या दिवशी वहिनींच्या खिडकीत लख्खप्रभाची बाटली दिसली. मी विकलेली नव्हती. मला राहवेना, मी दारात जाऊन विचारलंच.

“ती तुमची खिचडीवाली नाही का, भागी,” वहिनी म्हणाल्या. “शाळेच्या फाटकाशी भेटली. म्हणाली, वहिनी, करपलेला टोप निघतो. लोखंडाचा तवा नाय निघत. पानी कमी लागतो. घेऊन जा, नाय आवडला तर परत आन. घेतली मी.”

पाणी ‘कमी लागतो’! सत्तावीस वर्षं मी या तालुक्याला पाणी नपुंसकलिंगी असल्याचं सांगतो आहे. पण तो मुद्दा सोडा. तवा निघत नाही हे गिऱ्हाइकाला आपणहून सांगायचं, ही कुठली विक्रीकला? आणि त्यावर बाटली खपते? माझ्या चौदा पानांत एकही दोष नव्हता हो!

त्यानंतर रोज दुपारी, मधल्या सुटीत, माझ्या मोबाइलवर संदेश यायला लागला: ‘अभिनंदन! आपल्या डाव्या पायात नवीन विक्री झाली आहे.’ आधी एक, मग चार, मग अकरा. शिपायाची बायको, अंगणवाडीच्या ताई, आठवडा बाजारातल्या सुक्या मासळीवाल्या, सगळ्या भागीकडून घेत होत्या. त्यातल्या तिघींनी तिच्याखाली नावंही घातली. नियमाप्रमाणे त्याचा फायदा योगिताच्या नावे, म्हणजे माझ्याच घरात येत होता. भागी जितकी विकत होती तितका मी सिल्व्हरच्या जवळ जात होतो. आणि तरीसुद्धा प्रत्येक ‘अभिनंदन’ वाचलं की मला डबा जाईनासा व्हायचा. खिडकीतून भागी शाळेमागच्या नळावर तो भला मोठा टोप घासताना दिसायची, भोवती दोन-तीन बाया उभ्या. ती बोलतसुद्धा नसायची! नुसता टोप उलटा करून दाखवायची.

“तुम्हाला आनंद व्हायला हवा,” योगिता म्हणाली. “पॉइंट आपलेच आहेत.”

“प्रश्न पॉइंटचा नाही, तत्त्वाचा आहे.”

“पोटात दुखतंय तुमच्या.”



शेवटी मी ठरवलं की भागीची सावलीही पडलेली नाही अशा ठिकाणी जाऊन स्वतःच्या वाणीच्या बळावर बाटल्या खपवायच्या. गोकुळरावांनी सूर्यमाळ सुचवलं. पार मोखाड्याच्या पलीकडे, डोंगरावर. जामसरची बाई तिथे कशाला जाईल? “आणि नुसतं बोलू नका,” ते म्हणाले. “प्रात्यक्षिक करा. मी नोकरीत असताना पंचनामा नेहमी जागेवर करायचो.” मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी मोटारसायकलवर पुढे मी, मागे गोकुळराव आणि मध्ये बाटल्यांचं खोकं, असे आम्ही निघालो. पोशेऱ्यापर्यंत गोकुळरावांनी मला गियर कधी बदलावा ते सांगितलं. चढावर त्यांनी फक्त डोळे मिटले.

सूर्यमाळच्या एका पाड्यावर आंब्याखाली पंधरा-वीस बाया जमल्या. गुरुजी आलेत म्हटल्यावर खाट आली, कोरा चहा आला. सगळ्यांत पुढे फागी नावाची म्हातारी बसली. मी खाटेशेजारी उभा राहिलो आणि सुरुवात केली. काय सांगू तुम्हाला! एक बाई उठली नाही, कुणी चपला शोधल्या नाहीत (बहुतेकींच्या पायात नव्हत्याच, पण तो भाग वेगळा). चाळीस मिनिटं मी बोललो. सत्तावीस वर्षांत मला असा श्रोतृवर्ग मिळाला नव्हता.

मग प्रात्यक्षिक. मी घमेलं मागितलं, एक कळकट पातेलं मागितलं आणि पाणी मागितलं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. फागीने मान हलवली तशी एक जण हंडा घेऊन आली. फेस चांगला दिसावा म्हणून मी एका झाकणाच्या जागी पाच झाकणं ओतली. फेस आला तो घमेल्यातून उतू जाऊन गोकुळरावांच्या बुटापर्यंत पोचला. मी पातेलं धुतलं, पण फेस जाईना. दुसरा हंडा मागितला. तो आला. तिसरा मागितला. तोही आला, जरा वेळाने. पातेलं आरशासारखं झालं आणि मी ते उंच धरलं.

टाळ्या वाजल्या नाहीत. सगळ्यांची नजर पातेल्यावर नव्हती, खाली मातीत जिरणाऱ्या पाण्यावर होती.

“गुरुजी,” फागी शांतपणे म्हणाली, “झाला का तुमचा?”

“झालं.”

“मग चला. आता हंडं भरून आनू.”

पाड्याची विहीर खाली उतारावर होती. विहिरीच्या तळाला एक झरा, बोटाएवढा. त्याखाली बसायचं, वाटीवाटीने पाणी जमवायचं, हंड्यात ओतायचं. पाड्यातल्या बायांचे नंबर लावलेले होते आणि मी तिघींचे नंबर मातीत ओतले होते. इथला नियम सरळ होता. ज्याने पाणी सांडलं त्याने रांगेत बसून भरायचं, मग तो गुरुजी असो की कुणी. मी बाया-पोरींच्या रांगेत तीन हंडे घेऊन उकिडवा बसलो. माझ्या इस्त्रीच्या पॅन्टचं काय झालं ते विचारू नका. वर काठावर सावलीत बसून गोकुळराव सांगत होते, “वाटी तिरकी धरा सर, तिरकी!”

दुपारचे चार वाजले. तिसरा हंडा भरत असताना माझी नजर शेजारी भांडी विसळणाऱ्या एका पोरीकडे गेली. तिने बाटलीतून थेंबभर द्रव राखेत टाकला, भांडं घासलं, फडक्याने पुसलं, आणि ओंजळभर पाण्यात धुऊन टाकलं. बाटली लख्खप्रभाची होती.

“ही कुठून आणलीस?” मी ओरडलोच.

“भागीनं दिली,” पोरगी म्हणाली. “मागल्या महिन्यात. तिची नणंद हितंच दिलीय ना.”

“सगळ्यांकडं हाय,” फागी म्हणाली. “ती सांगून गेली, राखेत थेंब टाक, पुसून घे, पानी वाचतो. खरा बोलली.”

“अहो, मग तुम्ही मला आधीच का नाही सांगितलं?”

फागीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. तिला वाईट वाटत असावं. “तुमी थांबलेच नाय, गुरुजी,” ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर गोकुळरावसुद्धा काही बोलले नाहीत, यावरून प्रसंगाचं गांभीर्य लक्षात यावं. मोखाड्याला रेंज आली आणि खिशातला मोबाइल वाजला. ‘अभिनंदन! आपण सिल्व्हर झाला आहात.’

आता खोटं कशाला बोलू? तो संदेश वाचून मी सगळा अपमान विसरलो. पाय कुणाचाही असो, शिखरावर मी पोचलो होतो. पंधरा मिनिटं माझी होती. मी नवीन जाकीट शिवलं. भाषण लिहिलं, विषय ‘वाणी आणि विक्री’. कपाटाच्या आरशासमोर रोज सकाळी सराव केला. योगिता म्हणाली, भाषण बारा मिनिटांत बसवा, तीन मिनिटं टाळ्यांना ठेवा. ती हे कुठल्या अर्थाने म्हणाली ते मी शोधत बसलो नाही.

मेळाव्याच्या दिवशी हॉल भरलेला होता. दारात कार्यक्रमपत्रिका हातात पडली. मी माझं नाव शोधलं.

‘सिल्व्हर सत्कार: सौ. योगिता वारघडे.’ ठीक आहे, फॉर्म तिच्या नावाने होता. ‘मार्गदर्शन, पंधरा मिनिटं: श्रीमती भागी भोये, जामसर. विषय: ग्राहकांशी साध्या, रोजच्या भाषेत बोलण्याचं महत्त्व.’ आणि सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात, ‘आभारप्रदर्शन: सौ. वारघडे यांचे पती.’

पती! अठ्ठाविसाव्या वर्षी माझं नावसुद्धा गेलं.

मी मंजुषा मॅडमना गाठलं. “सर, सिल्व्हर तुमच्या आयडीवर असला तरी सगळी विक्री भागीताईंचीच आहे ना,” त्या गोड हसून म्हणाल्या. “आणि आभारासाठी तुमचंच नाव सगळ्यांनी सुचवलं. तुम्हाला त्याचा अनुभव आहे म्हणे.” मग त्यांनी माइकवरून साध्या भाषेबद्दल प्रास्ताविक केलं. ‘कम्युनिकेशन सिम्प्लिफाय केल्याशिवाय कस्टमर कनेक्ट डेव्हलप होत नाही,’ हे त्यातलं मला समजलेलं एकमेव वाक्य. पुढच्या रांगेत भागीबरोबर आलेली सूर्यमाळची फागी आणि तिच्या पाड्यावरच्या चार-पाच बाया बसल्या होत्या. त्या मुकाट ऐकत होत्या.

मग भागी उठली. हिरवं लुगडं, डोक्यात अबोली. माइक तिच्यासाठी खाली करावा लागला.

“मी भागी. शाळंत खिचडी शिजवते,” ती म्हणाली. “एक दिस टोप करपला. यो साबन लावला, निघाला. त्येच मी सांगते. लोखंडाचा तवा नाय निघत, ते बी सांगते. पावडर मी विकत नाय. मी ती खाल्ली नाय, तर कशी काय सांगू? ज्यांनी घेतला त्यांच्या घरी मी परत जाते, हात बघते, फुटलेत का नाय. गुरुजी शाळंत सांगायचे, वाढवून लिव. मला वाढवायला कदी आलाच नाय. पन टोप दुसरा घेतला. आता डाळ-भात संगं होतो.”

ती बसली. दोन मिनिटंही झाली नव्हती. पंधरापैकी तेरा मिनिटं तिने तशीच सोडून दिली! माझी तेरा मिनिटं! मंजुषा मॅडमचं हसू पावडरीच्या वाक्यालाच थिजलं होतं, पण हॉल टाळ्या वाजवत होता. एक माणूस उठला नव्हता. मी खुर्चीच्या हातावर नखं रोवून बसलो होतो. तिचा तो माइक, त्या टाळ्या, तिचा तो दुसरा टोपसुद्धा मला हवा होता. ही वैचारिक अस्वस्थता नव्हती.

“आता आभार,” सूत्रसंचालक म्हणाला, आणि मागे खुर्च्या सरकल्या.

मी उठलो तो मनात डाव धरूनच. पंधरा मिनिटांचं भाषण खिशात होतं. आभाराच्या नावाखाली ते सगळं वाचायचं, अर्धा तास लावायचा, दारं लावायला सांगायची. मी कागद उलगडला. घसा साफ केला. समोर फागी बसली होती. तिने हात मांडीवर ठेवले, पदर सारखा केला, आणि त्या दिवशी आंब्याखाली बसली होती तशीच, तितक्याच समजूतदारपणे, माझ्याकडे बघत बसली. ती चाळीस मिनिटं बसली असती. हंडे मागितले असते तर तेही दिले असते.

मी कागदाची घडी घातली.

“भागी, तू चांगलं बोललीस,” मी म्हणालो. “मला तुझा हेवा वाटतो. मार्चपासून वाटतोय. सगळ्यांचे आभार.”

हॉलमध्ये चपलांचा आवाज थांबला.

“झाला?” फागीने पुढच्या रांगेतून विचारलं.

“झालं.”

तिने आश्चर्याने शेजारणीकडे पाहिलं आणि मग टाळी वाजवली. बाकीच्यांनी तिचं बघून वाजवली. उभं राहायला निघालेले लोक परत बसलेले होते. सत्तावीस वर्षांत माझ्या आभारांना हे पहिल्यांदाच झालं होतं, आणि माझ्याकडे पुढे बोलायला काही नव्हतं.

मी खाली येऊन भागीच्या शेजारच्या खुर्चीत बसलो.  ती पदर तोंडावर धरून माझ्याकडे झुकली.

“गुरुजी,” ती म्हणाली, “थोडा वाढवून सांगायचा ना.”